षट्कोनी चावीची पारख

बालाघाटहून नैनपूरकडे निघाले की वाटेत लामता लागते. गोंदिया ते जबलपूर हा अडीच फुटी रुळांचा मार्ग बंगाल-नागपूर रेल्वेने १९०३ ते १९०५ या काळात टप्प्याटप्प्याने खुला केला, आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे तीच धीम्या चालीची गाडी लामत्याच्या फलाटाशी येऊन थांबत असे. १९५६ पर्यंत या भागाची राजधानी नागपूर होती. कचेरीची कामे, उच्च शिक्षण, सोयरिकी या सर्वांची वाट गोंदियावरून नागपूरकडे जाई, आणि त्या वाटेचा पहिला टप्पा म्हणजे ही लहान गाडी. प्रथम गोंदिया-बालाघाट हा तुकडा रुंद झाला. २०१५ मध्ये बालाघाटच्या पुढची लहान गाडीही थांबली. त्यानंतरच्या काही वर्षांत लामत्यावरून ब्रॉडगेज गाड्या धावू लागल्या. सोय झाली, यात वाद नाही. परंतु ज्या घरांनी तीन-चार पिढ्या त्या गाडीतून प्रवास केला, त्या घरांतील मुलांस ती आता दाखवावयाची कशी, हा प्रश्न उरतोच.

एक मार्ग संग्रहालयाचा. नागपुरात मोतीबाग येथे १४ डिसेंबर २००२ रोजी नॅरोगेज रेल्वे संग्रहालय सुरू झाले. नैनपुरासही असे संग्रहालय आहे. सुटीत तिकडे जाणे झाले तर मुलांस अवश्य न्यावे. दुसरा मार्ग अधिक कष्टाचा, पण अधिक गोड आहे. तो म्हणजे त्या गाडीची प्रतिकृती आपल्या हातांनी घडविणे. पुण्यात कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांनी हयातभराच्या छंदातून उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. एका माणसाचा घरगुती छंद किती मोठा होऊ शकतो, हे तेथे प्रत्यक्ष पाहावयास मिळते.

त्या संग्रहालयातील गाड्या मूळ आकाराच्या सत्त्याऐंशीव्या भागाच्या आहेत. आपल्या अडीच फुटी गाडीस तेच प्रमाण लावून पाहू. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्याचा सत्त्याऐंशीवा भाग सुमारे पावणेनऊ मिलिमीटर. छंदाच्या बाजारात ९ मिलिमीटर रुंदीचे रूळ तयार मिळतात, तेव्हा लामत्याचे स्थानक एका टेबलावर सहज मावेल. थोडे मोठे काम करावयाचे असेल तर एकोणिसाव्या भागाचे प्रमाण घ्यावे. मग रुळांची रुंदी ४० मिलिमीटर येते आणि इंजिन हातात धरण्याजोगे होते. या मार्गावर धावलेल्या सी-सी वर्गाच्या वाफेच्या इंजिनांस पुढे चार लहान चाके, मध्ये सहा मोठी आणि मागे दोन, अशी रचना होती. ती चाके, त्यांचे दांडे, आतील मोटर, दंतचक्रे हे सारे एकत्र धरून ठेवतात ते बारीकसे स्क्रू; आणि ते स्क्रू फिरवावयाचे असतात षट्कोनी चावीने.

आजचा आमचा विषय ही चावीच होय. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु आमच्या पाहण्यात हाती घेतलेली प्रतिकृती अर्धवट राहून कपाटावर गेली, ती बहुधा कौशल्य किंवा पैसा अपुरा पडला म्हणून नव्हे. दंतचक्र धरणाऱ्या एका स्क्रूची खाच घासून गोल झाली, स्क्रू ना पुढे जाईना ना मागे येईना, आणि उत्साह तेथेच आटला, असे अनेकदा घडते. मोठ्या शहरात असा स्क्रू दुसऱ्या दिवशी मिळतो. लामत्यासारख्या गावी तो बालाघाटला मिळाला तर मिळाला, नाही तर गोंदिया किंवा नागपूर गाठावे लागते, अथवा कुरिअरची वाट पाहावी लागते. दूर राहणाऱ्यांस चांगले हत्यार ही चैन नसून गरज आहे, ती यासाठी.

या चावीचा इतिहास थोडक्यात सांगतो. स्क्रूच्या डोक्यात षट्कोनी खळगा पाडण्याची चाल अमेरिकेत हार्टफर्ड येथील ॲलन कंपनीने १९१० च्या सुमारास रूढ केली, म्हणून आपण तिला ‘ॲलन की’ म्हणतो. आमच्याकडच्या बाजारात तिचे ‘एलएन चाबी’ असेही रूप ऐकू येते. चावीचे टोक गोळीसारखे घडवून ती तिरपी धरली तरी स्क्रू फिरावा, ही युक्ती अमेरिकेतील बाँडहस यांनी १९६४ च्या सुमारास बाजारात आणली. दुकानदार तिला ‘बॉल-पॉइंट’ म्हणतात. या दोन टोकांचे गुणदोष नीट ध्यानी आले की निवड सोपी होते.

आधी मापांचा विचार करू. छोट्या प्रतिकृतींत बहुधा २, २.५, ३ आणि ४ मिलिमीटर आट्यांचे स्क्रू येतात. त्यांची डोकी तीन प्रकारची. उंच, वाटोळ्या डोक्याच्या स्क्रूस अनुक्रमे १.५, २, २.५ आणि ३ मिलिमीटरची चावी लागते. डोके बसके असेल, किंवा पृष्ठभागात बुडणारे असेल, तर चावी एक पायरी लहान होते: ३ मिलिमीटरच्या स्क्रूस २ ची आणि ४ च्या स्क्रूस २.५ ची. ज्यास डोकेच नाही, जो दंतचक्रास मोटरच्या दांडीवर आवळून धरतो, तो ग्रब स्क्रू. त्यास आणखी लहान चावी लागते: ३ मिलिमीटरच्या ग्रब स्क्रूस अवघी १.५ ची आणि ४ च्या स्क्रूस २ ची. म्हणजे ज्या स्क्रूवर गाडीची सारी ओढ, त्याच स्क्रूची खाच सर्वांत नाजूक. बहुतेक अपघात १.५ च्या चावीशी होतात ते यामुळे. पैसे मोजकेच असतील तर ही एक चावी उत्तम घ्यावी, बाकीच्या मध्यम चालतील.

याचे गणितही पाहण्याजोगे आहे. दांडीची पीळ सोसण्याची ताकद तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात असते. १.५ ची चावी ३ च्या चावीहून निम्म्या जाडीची, पण तिची ताकद निम्मी नव्हे, एक अष्टमांश असते. तेव्हा जो जोर मोठ्या चावीवर लावावयाची मनगटास सवय झालेली असते, तो लहान चावीवर लावला की एक तर चावी पिळवटते, नाही तर खाच जाते.

दुसरा घोटाळा सुताचा. आमच्याकडील लोखंडी सामानाच्या दुकानात माप अजून सुताने सांगितले जाते. इंचाचे आठ सूत. अर्ध्या सुताची, म्हणजे इंचाच्या सोळाव्या भागाची चावी १.५९ मिलिमीटर भरते. ती १.५ च्या खाचेत जात नाही, म्हणून तिने नुकसान होत नाही. उलट परदेशी बनावटीच्या जुन्या इंजिनातील अर्ध्या सुताच्या खाचेत १.५ ची चावी सहज शिरते, आणि अनर्थ तेथे होतो. ती किमान सहा अंश नुसतीच फिरते आणि मग केवळ कोपऱ्यांवर टेकते. सारा जोर त्या कोपऱ्यांवर येऊन खाच गोल होते. पाऊण सुताची चावी २.३८ मिलिमीटरची असते; २.५ च्या खाचेत ती हाच पराक्रम करते. इंचाच्या चौसष्टाव्या भागाच्या पाचपटीची चावी मात्र १.९८ मिलिमीटर भरते व २ च्या खाचेत बऱ्यापैकी बसते. नियम एवढाच ठेवावा, की मिलिमीटरच्या आणि इंचाच्या चाव्या एका डब्यात ठेवू नयेत. एकीच्या मुठीस तांबडा दोरा गुंडाळावा, दुसरीच्या मुठीस हिरवा.

आता दुकानातील पारख. ठरावाप्रमाणे १.५ ची खाच १.५२ ते १.५८ मिलिमीटर असते. ती मुद्दामच थोडी सैल ठेवलेली असते. म्हणून चावी १.५० च्या अगदी निकट असली पाहिजे. ती १.४५ भरली तर दोन्हीकडचा सैलपणा एकत्र येतो व मघाचेच संकट घरच्या मापात उभे राहते. व्हर्निअर जवळ असेल तर चावी तिन्ही जोड्यांच्या सपाट बाजूंवर मोजावी. तिन्ही मापे एक आली पाहिजेत. व्हर्निअर नसेल तर खिशात एक कोरा, चांगल्या प्रतीचा स्क्रू घेऊन जावा. चावी त्यात घालून आडवी धरावी. स्क्रू डुलला नाही, चावीशी एका रेषेत राहिला, तर जोड जमली असे समजावे.

यानंतर टोकाकडे भिंगातून पाहावे. टोक काटकोनात, स्वच्छ कापलेले हवे. सहाही कडा धारदार दिसल्या पाहिजेत. खाच फार उथळ असते, तिच्या तळापर्यंत चावी पोचली तरच पकड मिळते. टोक गोलावलेले असेल तर आधीच तोकड्या खोलीतला मोठा वाटा फुकट जातो. मग चावी काचेच्या मेजावर लोळवून पाहावी. ती डगमगत गेली तर दांडी वाकडी आहे.

पोलादाविषयी दोन शब्द. ‘क्रोम व्हॅनेडियम’ हे नाव बहुतेक सर्व चाव्यांवर असते व मोठ्या मापांस ते पुरते. २ मिलिमीटर आणि त्याखालील मापांस ‘एस-२’ या नावाने ओळखले जाणारे हत्यारी पोलाद अधिक बरे. तथापि पोलादाच्या नावापेक्षा त्यास दिलेले पाणी महत्त्वाचे. पाणी कमी पडले तर टोक पिळवटते. अधिक झाले तर चण्यासारखे फुटते. घरी आणल्यावर चावीच्या बिनकामाच्या बाजूस बारीक कानस हलकेच लावून पाहावी. कानस सहज चावली तर पोलाद मऊ आहे. सोनेरी मुलामा पाहून मात्र भुलू नये. तो थर काही सहस्रांश मिलिमीटरचा असतो; खालचे पोलाद मऊ असेल तर सोन्याचा पिंजराच तो.

मुठीचा विचार बहुधा कोणी करीत नाही. एल आकाराची चावी स्वस्त व भक्कम, पण तिच्या लांब भुजेवर बोटांचा जोर कित्येक पटींनी वाढतो आणि किती आवळले याचा अंदाज राहत नाही. लहान मापांस सरळ दांडीचा, मुठीचा ड्रायव्हर उत्तम. मूठ अंगठा व दोन बोटांत मावेल इतकी बारीक असावी; जाड मूठ तळहाताचा सारा जोर त्या बिचाऱ्या १.५ वर आणते. मुठीचे मागचे टोक स्वतंत्र फिरणारे असेल तर त्यावर तर्जनी ठेवून चावी खाचेत दाबून धरता येते. १.५ ची दांडी गरजेपुरतीच लांब घ्यावी; बारीक दांडी लांब झाली की स्प्रिंगसारखी पिळते आणि स्क्रू फिरला की दांडीच, हे कळत नाही.

गोळीदार टोकाविषयी आमचे मत स्पष्ट आहे. ते सोयीचे आहे, पण भरवशाचे नाही. चाकाच्या आड, सांगाड्याच्या पोटात दडलेला स्क्रू सरळ चावीने फिरवता येत नाही, तेथे गोळीदार चावी सुमारे २५ अंशांपर्यंत तिरपी धरून काम भागते. परंतु ती तिरपी चालावी म्हणून टोकामागची मान कोरून बारीक करावी लागते. मानेची जाडी सत्तर टक्के उरली, तर मघाच्या घनाच्या हिशेबाने ताकद जेमतेम एकतृतीयांश उरते. शिवाय गोळी खाचेच्या भिंतीस पूर्ण लागत नाही. अरुंद पट्टीवर टेकते. म्हणून घट्ट बसलेला स्क्रू प्रथम सैल करणे व शेवटी आवळणे ही दोन्ही कामे सरळ टोकाने करावी. मधले मोकळे फेरे तेवढे गोळीदार टोकाने फिरवावे. मान तुटून गोळी खाचेत अडकली तर ती काढणे स्क्रू काढण्याहून कठीण असते. १.५ च्या मापात आम्ही गोळीदार चावी घेण्याचा सल्ला देणार नाही. २.५ आणि ३ मध्ये ती अवश्य घ्यावी.

एकंदर यादी अशी होते: सरळ टोकाचे, मुठीचे ड्रायव्हर १.५, २ आणि २.५ मिलिमीटरचे, गोळीदार २.५ व ३ चे. आणि क्वचित लागणाऱ्या मापांसाठी एल आकाराच्या चाव्यांचा एक साधा संच. वीस-पंचवीस तुकड्यांच्या चकचकीत पेटीच्या किमतीत हे बहुधा बसते, आणि त्या पेटीतील पंधरा तुकडे कधी हातीच लागत नाहीत. हत्यार देशी असो की परदेशी, कसोटी एकच. आपल्याकडे नाशिकला हत्यारे घडविणारा टपारियासारखा जुना कारखाना आहे. नाव कोणतेही असले तरी टोक भिंगाखाली पाहिल्याविना पैसे देऊ नयेत. घरबसल्या मागविले असेल तर परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी ही परीक्षा उरकावी.

चांगले हत्यारही वाईट हाती वाया जाते, म्हणून वापराचे चार नियम सांगतो. चावी घालण्यापूर्वी खाचेतील धूळ, रंग, वंगण टाचणीने कोरून काढावे. चावी तळास टेकली याची खात्री करून, दाबून धरून मगच फिरवावी. प्लॅस्टिकमध्ये जाणारा स्क्रू पुन्हा बसविताना प्रथम उलटा फिरवावा. जुन्या आट्यांत तो ‘टक्’ करून उतरतो, त्यानंतर सुलटा फिरवावा, म्हणजे नवे आटे कापले जाऊन भोक सैल होत नाही. आणि स्क्रू टेकल्यावर लहान मापास बोटांचा एक बेताचा पीळ पुरे. मनगट वापरू नये.

ग्रब स्क्रू थरथरीने सैल होऊ नये म्हणून आटे धरून ठेवणारे द्रव लावतात. धातूत धातू असेल तेथे मध्यम ताकदीचा एक थेंब पुरतो. प्लॅस्टिकजवळ ते लावू नये, काही प्लॅस्टिकांस त्याने तडे जातात. असा स्क्रू पुढे काढताना हट्ट धरू नये. डाख देण्याच्या आयर्नचे तापलेले टोक त्यावर थोडा वेळ टेकवावे. द्रव मऊ होतो आणि स्क्रू मुकाट्याने निघतो. हे काम मोठ्यांनी करावे. टोक झिजलेली सरळ चावी फेकू नये. टोकाचा एखादा मिलिमीटर सहाणेवर, वरचेवर पाण्यात बुडवीत, काटकोनात घासून काढला की नवी कड मिळते. चावी तापून निळी पडली तर तिचे पाणी उतरले असे समजावे. गोळीदार टोकास हा उपाय नाही. झिजले की ते रद्द.

राहिला पावसाळा. वैनगंगेच्या खोऱ्यात चार महिने हवा ओली असते आणि बारीक चावीस गंज चढावयास आठवडा पुरतो. वापरानंतर हातांचा घाम पुसून, शिलाई मशीनच्या तेलाचा बोळा फिरवावा आणि चाव्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्या. लहान मूल घरात असेल तर स्क्रूंचा डबा उंचावर असावा, हे सांगावयास नकोच.

शेवटी एक गोष्ट, जी हत्यारांपलीकडची आहे. बालाघाटच्या दुकानात मुलगा ‘चूडी’ म्हणेल, ‘पेचकस’ म्हणेल. त्यात काही गैर नाही, ती त्याच्या गावाची भाषा आहे. पण घरी मेजाशी आजोबा शेजारी बसून ‘आटे’, ‘खाच’, ‘कानस’, ‘पोलादाचे पाणी’ असे बोलत राहिले, तर हे शब्द त्याच्या हाताशी जोडले जातात. पाठ करून घेतलेले शब्द विसरतात. हाताने शिकलेले राहतात. ज्या घरी लहान गाडीत बसलेली वडील माणसे आहेत, त्यांनी डब्याची बाके कशी होती, खिडक्या किती होत्या, लामत्याच्या फलाटावर गाडी कोठे थांबे, हे आताच कागदावर काढून ठेवावे. स्क्रू आणि चाव्या पुढल्या महिन्यातही मागविता येतील. ती मापे मात्र ज्यांना ठाऊक आहेत त्यांच्याकडूनच घ्यावी लागतील.